ग्लपसॉलमधून एलपी काढावं का एमपीएस?

काटोलचा संत्रा कळमन्याला कोणत्या ट्रकनं पाठवायचा याचं मॉडेल मॅथप्रोगमध्ये (असं गणिती मॉडेल लिहायची भाषा) लिहिलं न, ते ग्लपसॉलनं (मॅथप्रोग वाचून सोडवणारा कमांडवरचा प्रोग्राम) दुसऱ्या सॉल्व्हरसाठी, म्हणजे मॉडेल सोडवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामसाठी, बदलून राहिलो, डबल डॅश चेक टाकलं की सोडवत बसत नाही, नुसती फाईल काढून देते. आता एलपी फॉरमॅटची फाईल काढायला डब्ल्यूएलपी टाकू का एमपीएस फॉरमॅटची काढायला डब्ल्यूएमपीएस?

एलपी फाईल उघडून वाचता येते भाऊ, वर सरळ मॅक्सिमाइझ (जास्तीत जास्त करा) लिहिलेलं, व्हेरिएबल एक्स(काटोल,कळमना) असं दिसते, चौकोनी कंसाचे फक्त गोल होतात. चूक तिथंच सापडते, माझी तर एक अट उलटी लागलेली होती.

एमपीएस १९६० च्या दशकातलं, आयबीएमचं, पंचकार्डाच्या जमान्यातलं. फिक्स्ड एमपीएसमध्ये नाव ८ अक्षरांत बसलं नाही की ग्लपसॉल सी००००००१ टाईपचं, म्हणजे सी आणि ७ आकडे, स्वतःचंच नाव ठेवते, मग उत्तर आलं तरी कोणता ट्रक बे? डब्ल्यूफ्रीएमपीएस टाकलं तर नावं वाचतात. अन् मूळ फॉरमॅटमध्ये मॅक्सिमाइझ सांगायला जागाच नाही, सॉल्व्हर मिनिमाइझ (कमीत कमी करा) धरून चालते, नफ्याच्या मॉडेलला हे लय महागात पडते. पण जवळपास सगळे सॉल्व्हर हे वाचतात, एलपीच्या बोलीभाषा मात्र थोड्या वेगवेगळ्या.

मी एलपीच काढतो, अडलं तर फ्री एमपीएस.