पानगळीतली जुनी मालबोट : जून ते नोव्हेंबर वापरल्यानंतरचा अनुभव

आधी मत सांगते, कारणं मागाहून. १९३० च्या दशकातली खरी मालवाहू नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठी बांधलेली लांब-अरुंद बोट, इंग्लंडच्या कालव्यांवर चालवायची संधी मिळत असेल, तर जुलै-ऑगस्टचा हट्ट धरू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ मागून घ्या. थंडी असते, काळोख लवकर पडतो, लोखंडाला हात लावला की बोटं बधिर होतात. पण ही बोट ज्या चालीने चालण्यासाठी बांधली, ती चाल तिला तेव्हाच सापडते.

बोट आमच्या गटाच्या सामायिक मालकीची आहे. माझ्या वाट्याच्या आठवड्यांत मी ती लंडन आणि बर्मिंगहॅमला जोडणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावर ब्रॉन्स्टन, स्टोक ब्रुअर्न आणि हॅटन या बाजूंना चालवली. १९३६ साली नॉर्थविचच्या यारवुड यार्डात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिंग कंपनीसाठी ती बांधली गेली. लांबी जवळपास २२ मीटर, रुंदी जेमतेम २.१ मीटर, पोलादी पत्रे रिव्हेट मारून जोडलेले. कंपनीने या घडणीच्या बोटींना गावांची नावं दिली, म्हणून त्यांना ‘टाउन क्लास’ म्हणतात. पुढे इंजिनाची बोट, मागे बिनइंजिनाची ‘बटी’, अशी जोडी मिळून सुमारे ५० टन माल नेई. लंडनहून मिडलंड्सकडे पोलाद, लाकूड, धान्य, परतताना कोळसा. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा तीन-तीन बायकांनी अशी एकेक जोडी चालवली. पूर्ण भरलेल्या दोन बोटी, हिवाळ्यातसुद्धा. सुकाणूच्या दांड्याशी उभी राहिले की मला त्या बायकांबद्दल फार आदर वाटतो.

आता मुद्द्याचं. या बोटीचं प्रत्येक माप मालासाठी ठरलेलं आहे. रिकामी असली तरी तिची मागची बाजू पाऊण मीटरहून जास्त पाण्यात बसते. आजकालच्या सहलीच्या बोटी याहून बऱ्याच उथळ असतात. कालव्याचा तळ सपाट नसतो. मध्ये खोल, काठांकडे चढत जाणारा, त्यावर वर्षानुवर्षांचा गाळ. त्यामुळे या बोटीला मधली वाट लागते. उन्हाळ्यात ती मिळत नाही. दर वळणावर समोरून कुणीतरी येतं, नियमाप्रमाणे आपण उजवीकडे सरकायचं, आणि सरकलं की मागची बाजू गाळात घासायला लागते. इंजिन घुसमटतं, पुढचं टोक भलतीकडे वळतं, आणि लांब बांबूने काठ ढकलत बसावं लागतं. त्यात कोरडा उन्हाळा असला तर माथ्याच्या, म्हणजे कालव्याच्या सगळ्यात उंच टप्प्यांत पाणी खाली गेलेलं असतं. समोरची मंडळी हसून हात हलवतात, त्यांना वाटतं आपण सौजन्याने थांबलोय.

नोव्हेंबरात समोरून येणारं जवळपास कुणी नसतं. पाऊस सुरू झालेला असतो, पाणी कठड्याच्या बरोबरीला आलेलं असतं. बोट मधोमध धरायची, इंजिन मंद ठेवायचं आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्यायचं. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण ही बोट त्याच्या बरीच खाली आनंदात असते. त्या वेगाला मागे लाट उठत नाही, फक्त पाण्याला एक सुरकुती पडते. उन्हाळ्यात हट्टी वाटणारी हीच बोट तेव्हा दोन बोटांच्या दाबाने वळते. मी हे आधी ऐकलं होतं, पण सुकाणूवर हाताला जाणवल्यावरच पटलं. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना मात्र वेग आणखी कमी करावाच लागतो. खोल बसणारी बोट जाताना पाणी ओढून घेते आणि बांधलेल्या बोटींचे दोर ताणले जातात. थंडीच्या दिवसांत त्या बोटींत माणसं राहत असतात, चुलीवर काही ना काही ठेवलेलं असतं.

इंजिन रसेल न्यूबेरीचं, दोन सिलिंडरचं, मिनिटाला १००० फेऱ्यांना १८ अश्वशक्तीचं. आकडा लहान वाटतो, पण बोट ढकलणारा पाण्याखालचा मोठा पंखा सावकाश फिरवायला तेवढं पुरतं. ते हाताने सुरू करतात. सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेशनच्या लिव्हर उचलायच्या, हँडल फिरवत फ्लायव्हीलच्या जड चाकाला वेग द्यायचा, मग एक लिव्हर खाली टाकायची. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिला तरी हात सुटून येतो. थंड सकाळी तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा जास्त जोर लागतो आणि एकाला दुसऱ्याची मदत लागते. डिझेल तासाला दीड लिटरच्या आसपास जातं, त्याची तक्रार नाही. गिअर बदलायला केबिनच्या दारापाशी एक चाक असतं. पुढून मागे जायला ते बरेच वळसे फिरवावं लागतं, म्हणून थांबायचा विचार थांबण्याच्या खूप आधी करायचा.

पानगळीचा खरा त्रास पानांचा. ओक, ॲश, विलो यांची पानं पाण्यावर सुंदर दिसतात, पण थोड्याच दिवसांत ती बुडतात आणि पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहतात. पंखा ती ओढून घेतो आणि पात्यांभोवती भिजलेल्या गोधडीसारखा गुंडाळा होतो. लक्षण कानाला आधी कळतं: इंजिनाचा ठोका जड होतो, धूर काळवंडतो, मागचं पाणी फेसाळतं पण बोट पुढे सरकत नाही. उपाय सोपा आहे. इंजिन गिअरमधून काढायचं, क्षणभर थांबायचं, जोरात उलटं फिरवायचं. पानांचा ढीग सुटून वर येतो. मग पुन्हा पुढे. झाडं दाट असतील तिथे हे दर काही मिनिटांनी करावं लागतं, आणि गिअरचं ते चाक फिरवून खांदा भरून येतो. पानांबरोबर दोरी किंवा प्लॅस्टिकची पिशवी आली तर गोष्ट वेगळी. नव्या बोटींना पंख्याच्या वर झाकण असतं, ते उघडून हात घालता येतो. या बोटीला तसं झाकणच नाही. काठाला लावायची, इंजिन बंद करायचं आणि मागच्या फळीवर पालथं पडून लांब दांड्याच्या आकड्याने ओढून काढायचं. नोव्हेंबरच्या पाण्यात हे काम आवडीचं नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेऊनच जा.

दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. आमच्या इंजिनाला थंड करायला कालव्याचंच पाणी आत येतं, आणि गाळ-कचरा अडवायला वाटेत पेटी असते. पानांच्या दिवसांत ती पेटी रोज सकाळी उघडून साफ करायची. चालताना बाजूच्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर नजर ठेवायची. धार बारीक झाली की थांबायचं, ‘पुढच्या पुलाशी बघू’ म्हणायचं नाही. आणि रात्री पाणी गोठण्याचा अंदाज असेल तर इंजिनातलं सगळं पाणी काढून टाकायचं. आत राहिलेलं पाणी गोठून फुगलं तर बिडाचं आवरण तडकतं, आणि या वयाच्या इंजिनाचे भाग दुकानात मिळत नाहीत. आमच्या गटाने हे पाणी काढण्याचं काम त्या दिवशी बोट ज्याच्याकडे असेल त्याच्यावर ठेवलं आहे आणि तशी वहीत सही घेतात. हा नियम मला मनापासून पटतो.

आता केबिन. माझ्या मते या बोटीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. लांबी तीन मीटरच्या आसपास, आणि एवढ्यात पूर्ण कुटुंब राहायचं. दाराशी कोळशाची शेगडी, बाजूला बसायचा बाक जो रात्री झोपायला होतो, आतल्या टोकाला कपाटातून आडवा उघडणारा पलंग, आणि दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. उन्हाळ्यात ही जागा कोंदट वाटते. नोव्हेंबरात तिचा अर्थ उलगडतो. सुकाणू धरणारा बाहेर उघड्यावर उभा राहत नाही, तो केबिनच्या वरच्या खाचेत उभा राहतो. कमरेपासून वर थंड हवेत, पाय आत शेगडीजवळ. वारा चेहऱ्याला झोंबतो पण पायांना ऊब असते, त्यामुळे दिवसभर उभं राहता येतं. नव्या बोटींत मागे मोकळा डेक असतो, तिथे पावसात मी तासाभरात गारठले आहे. इथे तसं होत नाही. वर उभ्याउभ्या खाली वाकलं की किटली हाताशी येते.

शेगडीच्या बाबतीत एकच आग्रह: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे प्रत्येक रात्री बटण दाबून बघा. राहण्याची सोय असलेल्या बोटींना एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी तपासणीत तो बंधनकारक आहे, पण कागदावरचा अलार्म कुणाला उठवत नाही. हवेची जाळी थंडीमुळे कापडाने बुजवायची नाही. दमट हवेचा त्रास होतोच. उघड्या पोलादावर आतून पाणी धरतं, पितळ दोन दिवसांत काळं पडतं, अंथरूण रोज शेगडीसमोर धरावं लागतं.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली कोठी, आत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी. त्यांच्या बाबतीत मत थोडं मिश्र आहे. ग्रँड युनियनचे लॉक दोन नॅरोबोटी शेजारी बसतील एवढे रुंद आहेत. हॅटनची २१ लॉकची चढण ४५ मीटर वर नेते. तिथले हे रुंद लॉक १९३४ मध्ये ड्यूक ऑफ केंटच्या हस्ते उघडले गेले आणि आमच्यासारख्या बोटी कालव्याच्या त्याच विस्तारासाठी बांधल्या गेल्या. उन्हाळ्यात जोडीला दुसरी बोट मिळते आणि काम अर्धं होतं. नोव्हेंबरात आपण एकटे. रुंद लॉकमध्ये एकटी बोट पाणी भरताना इकडून तिकडे फेकली जाते. त्यावर उपाय म्हणजे बोट ज्या बाजूला आहे त्याच बाजूचं जमिनीतलं पॅडल, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, आधी उघडायचं, तेही अर्धंच. पाणी समोरच्या भिंतीला आदळून परततं आणि बोटीला आपल्या भिंतीशी दाबून धरतं. दारामागे पानांचा थर साचतो, त्यामुळे दार पूर्ण उघडत नाही. आकड्याने पानं ओढून मगच बोट आत घ्यायची. दारांवरच्या फळ्या सकाळी निसरड्या असतात. तिथे घाई नको, उडी तर अजिबात नको. माझी आई या दिवसांत आली होती. तिला लॉकपाशी चढउतार झेपली नाही, पण काठच्या पायवाटेने ती बोटीच्या बरोबरीने आरामात चालत होती, इतका आमचा वेग. वडीलधाऱ्यांना आणायचं असेल तर लॉक कमी असलेला टप्पा निवडा. व्हिल्टनच्या खालच्या लॉकपासून स्टोक ब्रुअर्नच्या वरच्या लॉकपर्यंत मैलोन्‌मैल एकही लॉक नाही.

त्याच टप्प्यात ब्लिसवर्थचा बोगदा आहे, २८१३ मीटर लांब, १८०५ साली उघडलेला. दोन नॅरोबोटी समोरासमोर जाऊ शकतात. पावसानंतर हवेच्या विहिरींखालून, म्हणजे छतातून वर जमिनीपर्यंत गेलेल्या उभ्या भोकांखालून, जाताना डोक्यावर धार येते, रेनकोट घालूनच आत शिरा. थंड दिवशी आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते.

या काळातला सगळ्यात मोठा अडसर दुरुस्तीचा. २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेकडे सुमारे ३२०० किलोमीटरचे जलमार्ग आहेत आणि मोठी दुरुस्ती ते थंडीत, साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत करतात. लॉक बंद करून, पाणी उपसून, ओकची नवी दारं बसवतात. एक दार साधारण पंचवीस वर्षं टिकतं. यादी आधीच जाहीर होते. ती बघताना जायचाच नाही, परतीचाही रस्ता तारखेसकट बघा, नाहीतर बोट वसंतापर्यंत भलत्याच ठिकाणी राहते. कधी कधी रिकाम्या लॉकच्या तळाशी लोकांना उतरू देतात. संधी मिळाली तर नक्की जा. दोनशे वर्षांपूर्वीची विटांची भिंत पायथ्यापासून वर बघितली की तासन्‌तास आपण कशाच्या भरवशावर तरंगतो ते कळतं.

दिवस लहान, म्हणून आखणीही तशीच करावी लागते. प्रत्येक लॉक एक मैल धरायचा आणि तासाला तीन असा हिशोब करायचा, पानांसाठी वर थोडी सूट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की दुपारी तीनला जागा शोधायला लागा. खोल बोटीला काठाला लागायला खोल काठ लागतो, आणि तो अंधारात सापडत नाही. नोव्हेंबर उलटता पाण्यावर पातळ बर्फ दिसायला लागला तर थांबलेलं बरं. आमच्या पोलादाला त्याचा फरक पडत नाही, पण फुटलेले तुकडे सरकत जाऊन शेजारच्या फायबरच्या बोटींना कापतात.

कुणी भेटत नाही असं मात्र नाही. कोळसा आणि डिझेल विकणाऱ्या बोटी याच दिवसांत सगळ्यात जास्त फिरतात, आणि त्यातल्या कित्येक आमच्याच बोटीच्या वयाच्या, अजून पोटात माल घेऊन चालणाऱ्या. त्या समोरून आल्या तर मधली वाट त्यांची. त्या भरलेल्या असतात, आपण रिकामे.

सध्या बोट तिच्या कायमच्या जागी बांधली आहे, इंजिनातलं पाणी काढलेलं, मार्चपर्यंत. पुढच्या वर्षीच्या वाटपात मी माझा जुलैचा आठवडा सोडून दिला आणि नोव्हेंबरचे पहिले दोन मागितले. जुलै लगेच उचलला गेला. नोव्हेंबरसाठी यंदा पहिल्यांदाच माझ्याशिवाय आणखी एक नाव आलं आहे, तेव्हा एक आठवडा त्यांना आणि एक मला, असं ठरलं.