क्रमवार वंशवृक्ष आर या संगणकभाषेत ठेवायचा कशात: फायलो, एचक्लस्ट की एफ-मॅट्रिक्स?

चार जातींचा वृक्ष घ्या: एकीकडे अ-ब जोडी, दुसरीकडे क-ड. आकार एकच, पण आधी कोणती जोडी फुटली? हा क्रमही सांगतो तो क्रमवार वृक्ष. फांद्यांची लांबी न देता न्यूइकमध्ये (वृक्ष कंसांत लिहायची पद्धत) ((अ,ब),(क,ड)); असं लिहिलंत की हा प्रश्नच पुसला जातो. चार टोकांचे (म्हणजे जातींचे) नावांसकट द्विभाजी वृक्ष, म्हणजे दर वेळी दोनच फांद्या फुटणारे, १५, क्रम धरला तर १८. दहा टोकांना साधे सुमारे ३.४५ कोटी, क्रमवार २५७ कोटी.

आरच्या एप पॅकेजमधली वृक्ष साठवायची रचना म्हणजे फायलो. तो सगळीकडे चालतो, नावं आणि काळ दोन्ही ठेवतो. फक्त गाठींचे (फांद्या फुटतात त्या जागांचे) क्रमांक म्हणजे क्रमवारी नव्हे. मूळ गाठीला टोकांच्या पुढचा क्रमांक मिळतो, बाकीच्यांचा काळाशी संबंध असेलच असं नाही. मी तसं समजून दोन दिवस भलतेच आकडे काढत बसलो होतो. एपमधल्या ब्रांचिंग.टाइम्स या फंक्शनने गाठींची वयं काढा, त्यावर रँक (क्रम लावणारं फंक्शन) लावा. फाइलमध्ये लिहिताना लांबीचे दशांश कमी केले गेले असतील तर दोन गाठी बरोबरीत येतात, तेवढं बघा. काळ माहीत नसून नुसता क्रम हाताशी असेल, तर टोकांना ०, सर्वांत अलीकडच्या गाठीला १, मग २ अशी उंची द्या. दोन उंचींतली वजाबाकी म्हणजे फांदीची लांबी.

एचक्लस्ट ही आरमधली, जवळचे गट एकेक करून जोडत जाण्याची (क्लस्टरिंगची) रचना; तिच्यात क्रम रचनेतच असतो. मर्ज तक्त्यात (−१,−२), (−३,−४), (१,२) अशा तीन ओळी: उणे म्हणजे टोक (१ ते ४ म्हणजे अ ते ड), अधिक म्हणजे आधीची ओळ. इथे अ-ब अलीकडे फुटले. पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली की दुसरा इतिहास. हाताने वृक्ष रचायला मला हेच आवडतं. मात्र फायलोतून इकडे यायला वृक्ष द्विभाजी आणि सगळी टोकं एकाच काळातली लागतात. परत जाताना उंची निम्मी होते. ती चूक नाही, दोन टोकांमधलं अंतर तेवढंच राहावं म्हणून.

एफ-मॅट्रिक्स (किम, रोझेनबर्ग, पालासिओस, २०२०) म्हणजे वृक्षाचा क्रमवार आकार आकड्यांच्या त्रिकोणी तक्त्यात; ते तुलनेसाठी. चार टोकांना कर्णावर २, ३, ४. त्याखाली १, २. खालच्या डाव्या कोपऱ्यातला आकडा संतुलित (जोडी-जोडीच्या) वृक्षाला ०, शिडीसारख्याला १. दोन वृक्षांतलं अंतर म्हणजे नोंदींच्या फरकांची (उणे चिन्ह सोडून) बेरीज, बस्स. पण नावं गेलेली असतात: वरच्या दोन्ही इतिहासांचं मॅट्रिक्स एकच. म्हणून मूळ प्रत फायलोतच ठेवा. विषाणूंचे नमुने वेगवेगळ्या तारखांचे असतील तर एचक्लस्ट बादच. एफ-मॅट्रिक्सचं त्यासाठीचं रूप आहे, पण त्यात नमुन्यांच्या वेळाही घटना म्हणून मोजल्या जातात, त्यामुळे ते मोठं होतं.