सी-डीएनए करताना ऑलिगो-डीटी की रँडम हेक्झामर?

क्यूपीसीआरचे (जीनचे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरचे) आकडे विचित्र आले की आपण आधी पीसीआरच्या प्रायमरवर संशय घेतो, मग मशीनवर. त्याआधीच्या पायरीत, म्हणजे आरएनएवरून सी-डीएनए (त्याची डीएनए प्रत) करताना, ट्यूबमध्ये कोणता प्रायमर पडला होता हे फार उशिरा विचारले जाते. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते: किटमध्ये होता तो. पण प्रायमर जिथे बसला तिथून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला (ही प्रत बनवणाऱ्या एन्झाइमला) जेवढे अंतर गाठता आले, तेवढाच आरएनए सी-डीएनएमध्ये उतरतो. उरलेला भाग पुढच्या कोणत्याही प्रयोगाला दिसत नाही. म्हणून ही निवड किटवर सोडू नये. मुख्य पर्याय दोन: ऑलिगो-डीटी, म्हणजे नुसत्या टी अक्षरांची साखळी, आणि रँडम हेक्झामर, म्हणजे कोणत्याही क्रमाचे सहा अक्षरी तुकडे, जे आरएनएवर कुठेही बसतात.

ऑलिगो-डीटीची बाजू भक्कम आहे. एकूण आरएनएमध्ये एमआरएनए जेमतेम १ ते ५ टक्के असतो, आणि डीटी त्याच्याच पॉली-ए शेपटीला (३' टोकाच्या ए अक्षरांच्या रांगेला) चिकटतो. आरएनए अखंड पण फार थोडा असेल, किंवा जीनचे प्रमाणच कमी असेल, तर डीटीने सिग्नल लवकर मिळतो. संपूर्ण कोडिंग भाग क्लोन करायचा असेल किंवा ३' रेस (३' टोकाचा क्रम शोधण्याची पद्धत) करायची असेल, तर दुसरा विचारही करू नये. फक्त अँकर्ड डीटी घ्यावा, ज्याच्या टोकाला टी सोडून दुसरे अक्षर असते. साधा डीटी सस्तन प्राण्यांच्या दोनशेएक ए-च्या शेपटीत कुठेही बसतो. अँकर्ड प्रकार शेपटी सुरू होते तिथेच धरतो.

जिथे शेपटीच नाही तिथे प्रश्नच उरत नाही. जिवाणूंच्या एमआरएनएला अशी लांब शेपटी नसते. पेशीविभाजनाच्या वेळचे हिस्टोनचे एमआरएनए, मॅलॅट-१ (प्रथिन न बनवणारा एक आरएनए), वर्तुळाकार आरएनए हेही त्यातलेच. विषाणूंवर काम करणाऱ्यांनी तर हे डोक्यात पक्के ठेवावे: चिकुनगुन्याच्या जीनोमला पॉली-ए शेपटी आहे, डेंग्यूच्या नाही. डास एकच, रुग्णाची लक्षणेही सारखी वाटू शकतात. पण डीटीने केलेल्या सी-डीएनएमध्ये डेंग्यू सापडला नाही, याला काहीच अर्थ नाही. १८एस आर-आरएनए (रायबोसोमचा आरएनए) तुलनेचा संदर्भ म्हणून वापरणाऱ्यांनाही हेच लागू. डीटी वापरूनही १८एसची सीटी (सिग्नल दिसू लागतो ती सायकल) येते, पण ती ए-बहुल जागांवर चुकून बसलेल्या प्रायमरची किंवा उरलेल्या जीनोमिक डीएनएची असते. तिच्यावर हिशेब उभारू नये.

हेक्झामरकडे असलेला माझा कल मात्र या यादीमुळे ठरलेला नाही. तो ठरला एका त्रासामुळे: डीटी वापरला की आरएनएची तुटफूट जीनच्या कमी-जास्त प्रमाणाचा वेष घेऊन समोर येते.

आकड्यांत बघा. समजा, नमुन्यातला आरएनए सरासरी दर १,००० अक्षरांमागे एकदा तुटला आहे. जीएपीडीएच या संदर्भ जीनचा अँप्लिकॉन (पीसीआरने वाढवला जाणारा तुकडा) शेपटीपासून साधारण ३०० अक्षरांवर बसवता येतो. तेवढा तुकडा अखंड राहण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, म्हणजे सीटी अर्धा सायकलही सरकत नाही. ज्याचे प्रमाण मोजायचे त्या बीडीएनएफ जीनच्या लांब रूपाचा ३' यूटीआर (कोडिंग भागानंतरचा पट्टा) २,८०० अक्षरांहून मोठा आहे. प्रायमर त्याच्या कोडिंग भागात असतील तर अंतर ३,००० अक्षरे धरू. ते अखंड राहण्याची शक्यता ५ टक्के. सीटी चार सायकलींहून जास्त उशिरा येते. आता डेल्टा-डेल्टा-सीटी (संदर्भ जीनची सीटी वजा करून केलेली नमुन्यांची तुलना) काढा. बीडीएनएफ पंधरा पटींनी घटला असे दिसेल, आणि पेशीत काहीच घडलेले नसेल. संदर्भ जीन इथे वाचवत नाही, कारण त्याचे शेपटीपासूनचे अंतर वेगळे आहे. नमुना जितका जास्त तुटलेला, तितकी ही खोटी घट मोठी. नियंत्रण गट प्रयोगशाळेत ताजा काढलेला आणि रुग्णांचा ऊतक-नमुना शस्त्रक्रियागृहातून तासाभराने आलेला असेल, तर मग फरक नेमका कशाचा मोजला जातो?

हेक्झामरने हाच हिशेब केला तर १०० अक्षरांचा अँप्लिकॉन आणि त्याच्या ३' बाजूला प्रायमर बसण्यापुरती जागा एवढेच अखंड असावे लागते. त्या १०० अक्षरांसाठी शक्यता ९० टक्के, आणि दोन्ही जीनसाठी जवळपास सारखी. चूक उरते, पण ती दोन्हीकडे समान असल्याने वजाबाकीत बरीचशी निघून जाते. पॅराफिन ब्लॉकमधला आरएनए एक-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत असतो, तिथे तर डीटी शेपटीच्या जवळपासच अडकतो. आंबा, द्राक्षासारख्या पॉलिफिनॉलने भरलेल्या पानांतून आरएनए काढणाऱ्यांना गुणवत्तेतला चढउतार वेगळा सांगायला नको. पानांत क्लोरोप्लास्टच्या आर-आरएनएची शिखरे मिसळत असल्याने आरआयएनचा (आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा) आकडाही फसवा असतो.

हेक्झामरचेही दोष आहेत. सी-डीएनएचा मोठा हिस्सा आर-आरएनएचा बनतो. १८एस मोजत असाल तर त्याची सीटी फार लवकर येते, म्हणून त्याच्यापुरता सी-डीएनए जास्त पातळ करावा आणि बेसलाइन हाताने लावावी. एका एमआरएनएवर अनेक हेक्झामर बसतात, त्यामुळे प्रतींची निरपेक्ष संख्या हवी असेल तर जीन-विशिष्ट प्रायमरच योग्य.

२० मायक्रोलिटरच्या प्रतिक्रियेत १ मायक्रोग्रॅम आरएनए, ५० ते २५० नॅनोग्रॅम हेक्झामर आणि १० मिलिमोलर डीएनटीपी १ मायक्रोलिटर घ्यावे. ६५ अंशांवर ५ मिनिटे, लगेच बर्फावर किमान १ मिनिट. मग बफर, डीटीटी, आरएनेज इनहिबिटर आणि २०० युनिट एन्झाइम. यानंतर २५ अंशांवर १० मिनिटे ठेवणे ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. सहा अक्षरांचा प्रायमर ५० अंशांवर टिकत नाही. २५ अंशांवर एन्झाइम त्याला थोडा लांबवते, मग तो धरून राहतो. सायकलरमध्ये साठवलेला डीटीचा प्रोग्रॅम तसाच चालवला की ही पायरी गळते आणि सगळेच जीन उशिरा येतात. पुढे ५० अंशांवर ५० मिनिटे, ८५ अंशांवर ५ मिनिटे. हेक्झामर वाढवला तर तुकडे आखूड होतात. १०० अक्षरांच्या अँप्लिकॉनला चालते, १,००० च्या नाही. तयार मिश्रण पीसीआरच्या एकूण आकारमानाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त टाकू नये, त्यातले घटक पॉलिमरेजला अडवतात.

डीएनेज (डीएनए नष्ट करणारे एन्झाइम) दोन्हीकडे लागतेच, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायची ट्यूबही. त्या ट्यूबची सीटी खऱ्या नमुन्याहून ७ सायकल उशिरा असेल तर जीनोमिक डीएनएचा वाटा १ टक्क्याच्या आत आहे.

दोन्ही प्रायमर मिसळून देणारी किट वाईट नाहीत. साध्या क्यूपीसीआरला मिश्रण चालून जाते, शेपटीजवळचा सिग्नलही थोडा वाढतो. तरी नमुन्यांची गुणवत्ता एकसारखी नसेल तर मी नुसता हेक्झामरच सुचवेन, कारण मिश्रणातल्या डीटीबरोबर ३' बाजूचा झुकाव थोडासा का होईना परत येतो. डीटीच हवा असेल तर एका जीनचे दोन अँप्लिकॉन, एक शेपटीजवळ आणि एक ५' टोकाकडे, प्रत्येक नमुन्यात मोजावेत. दोघांच्या सीटीतला फरक नमुन्यागणिक बदलत असेल, तर त्या नमुन्यांची आपसात तुलना करू नये. आणि प्रायमर कोणताही निवडा, प्रकल्प अर्धा झाल्यावर तो बदलू नका. आधीचे आणि नंतरचे सी-डीएनए एका आलेखात बसत नाहीत.