कागद, टँकर की ताळेबंद? विहिरीच्या पाण्याचं काय करायचं

परवा मामेभावाचा फोन, पारनेरकडचा. विहीर बरी आहे त्याची, आणि आता त्याच्यापुढं तीन वाटा आहेत. शेततळं खोदून त्यात कागद, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, टाकायचा आणि विहीर उपसून ते भरून ठेवायचं, नाहीतर उन्हाळ्यात टँकरवाल्याला पाणी विकायचं, नाहीतर गावातली काही पोरं नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावासारखा पाण्याचा ताळेबंद करू म्हणतायत त्यांच्यात सामील व्हायचं. बोअर तो धरतच नाही, मीही नाही, कारण राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे जवळपास 200 फुटांच्या खाली शेतीसाठी जायलाच बंदी आहे, बोअरच्या गाड्या किती खाली जातात ते सगळ्यांनाच माहितीय म्हणा.

आधी शेततळं. डाळिंबाची बाग असेल तर मे महिन्यात झाडं जगतात ती याच्यावरच, हे नाकारून चालणार नाही. पण जरा हिशेब बघा. 30 बाय 30 चं, 3 मीटर खोल तळं, बाजूचा उतार धरून साधारण 22 लाख लिटर. आमच्याकडं 400 मिमी पाऊस धरला तर थेट आभाळातनं त्यात पडणार साडेतीन लाखांच्या आसपास, उरलेलं विहिरीतनंच यायचं. म्हणजे जमिनीखाली गारव्याला झाकून असलेलं पाणी लाइट खर्च करून वर आणायचं आणि उन्हात मांडून ठेवायचं. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिमी उडतं धरलं तरी भरलेल्या तळ्याच्या 900 चौरस मीटरवरनं रोज 7,200 लिटर गायब, सरकारच्या जलजीवन मिशनच्या माणशी रोजच्या 55 लिटरनं मोजलं तर 130 माणसांचं दिवसाचं पाणी झालं हे! आणि ते पाणी एकट्याचं थोडीच असतं, आपल्याकडं काळा पाषाण, पाणी मुरमात आणि खडकाच्या फटीत, त्यामुळं याची मोटर दिवसरात्र चालली की शेजारच्याचा झरा आटतो आणि मग तोही कागदाचं कोटेशन आणतो. पाणी खाजगी व्हायला कंपनीच यावी लागते असं नाही, 500 मायक्रॉनचा कागद पुरतो.

हां, नाल्याला पूर आलाय, पाणी वाहूनच चाललंय, तेव्हा ते उचलून तळं भरत असाल तर माझी काही तक्रार नाही.

टँकरचं थोडक्यात सांगतो. रोख पैसा मिळतो, पण विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली तर पुढं काय विकणार? कायद्याची जुनी समजूत, 1882 च्या इझमेंट कायद्यापासूनची, जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी. पण गाव अडून बसू शकतं. केरळात प्लाचीमडाला 2003 मध्ये पंचायतीनं जमिनीतलं पाणी उपसणाऱ्या कोकाकोलाच्या प्लांटचं लायसन्स पुढं वाढवलं नाही आणि 2004 ला प्लांट बंद पडला, कोर्टात मात्र निकाल दोन्ही बाजूंनी लागले, त्यामुळं नुसत्या कायद्याच्या भरवशावर राहू नका.

आता ताळेबंद. पाऊस किती पडला, त्यातला मुरला किती, माणसांना-जनावरांना किती लागणार, आणि मग उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात हेच झालं, ऊस नको, केळी नको, शेतीसाठी बोअर नको. खर्च जवळजवळ शून्य, आणि पाणी जमिनीतच राहतं, उडत नाही. अडचण एकच पण मोठी, हे एकट्यानं होत नाही. चार जणांनी गव्हाऐवजी हरभरा घेतला आणि पाचव्यानं ऊस लावला की चौघंही पुढच्या वर्षी ऊसच लावणार. ज्या गावात ग्रामसभेला कोरम भरत नाही तिथं मी ताळेबंदाच्या भरवशावर बाग लावा असं कुणाला सांगणार नाही.

मामेभावाला सांगितलंय, बागेचं वय दोन वर्षं आहे, एवढ्यात कागद घेऊ नको. दिवाळीत विहिरीत दोरी सोडून पाणी मोज, शेजारच्या चार विहिरींचंही मोज, आकडे वहीत लिही आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जा. तिथं ऊसवाले काय म्हणतात बघून मग कोटेशन काढ. तो म्हणाला, दोरी ठीक आहे रे, पण शेजारचा त्याच्या विहिरीत वाकून बघू देईल तर ना.