बायपास प्रोटीनचा खुराक : पेंडीइतकीच वेळही महत्त्वाची

आरेतले बहुतेक तबेले म्हशींचे. आमच्याकडे होल्स्टीन संकरित गायी आहेत आणि त्यांना बायपास प्रोटीनचा, म्हणजे पहिल्या पोटात फारसं न फुटता पुढे जाणाऱ्या प्रोटीनचा, खुराक गेल्या उन्हाळ्यापासून चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या मते खरा फरक तो कधी घालतो यानेच पडला.

मुंबईच्या तबेल्यांतली रीत म्हणजे पहाटे धारेला बसताना गायीपुढे आंबोणाची पाटी सरकवायची. ती खाण्यात गुंगते, पान्हा सोडते. पण उपाशी पोटी ती सगळा खुराक काही मिनिटांत गिळते. साध्या शेंगदाणा पेंडीतलं प्रोटीन कोटीपोटातले (गायीच्या पहिल्या, मोठ्या पोटातले) जिवाणू भराभर फोडतात, त्याचा अमोनिया होतो. त्या वेळी पोटात वैरण आणि मका-भुशाची ऊर्जा नसेल, तर जिवाणूंना तो वापरता येत नाही. उरलेल्याचा यकृतात युरिया बनतो आणि मुतावाटे निघून जातो. एवढी महागाची पेंड, आणि ती गटारात! बायपास प्रोटीन बरंचसं आतड्यात जाऊन पचतं, पण म्हणून साधी पेंड बंद करू नका. भाताच्या पेंढ्यात प्रोटीन जेमतेम ३-४ टक्के असतं. जिवाणू उपाशी राहिले तर पेंढाही पचत नाही.

आता धारेआधी पॅरा गवत आणि पेंढ्याची कुट्टी, धारेच्या वेळी मूठभर भुसा, आणि धार झाल्यावर खुराक. तोही एकदम नाही, तीन वाट्यांत. सुरुवातीला दोन गायींनी पान्हा चोरला, लाथाही झाडल्या, मग रुळल्या. धारेनंतर पुढ्यात खाणं असलं की गाय अर्धा तास तरी उभी राहते, तेवढ्यात सडांची तोंडं मिटतात. दगडीची (कासेच्या सुजेची) धास्ती असलेल्यांनी एवढ्यासाठी तरी ही वेळ पाळावी.

दूध? जास्त दुधाच्या, ताज्या व्यायलेल्या गायींना लिटरभर वाढलं. आठ लिटरच्या आतल्या गायींना काही फरक नाही, त्यांच्यावर हा खर्च करू नये. मला जास्त समाधान शेणाने दिलं. आधी पातळ पडायचं, त्यात मक्याचे अख्खे दाणे दिसायचे. आता पो नीट बसते, मध्ये खळगा पडतो. दुपारी बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गायी रवंथ करताना दिसतात. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा वासही कमी झाला.

मे महिन्यात दुपारचा वाटा अगदी थोडा ठेवला, कारण पचनाची उष्णता उकाड्यात भर घालते. मोठे वाटे पहाटे आणि रात्री. पावसाळ्यात मात्र गोण्या सांभाळणं हेच मोठं काम. भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवा. जराही कुबट वास आला तर ती पेंड गायीला घालू नका, बुरशीचं विष दुधात उतरतं.

नवा खुराक दहा-बारा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्या. गाभण गायीला व्यायच्या तीन आठवडे आधी सुरू केला की व्यायल्यावर ती खाण्यात मागे पडत नाही.