बॅरेट ऑनर्स कॉलेज: दोन सेमिस्टरनंतरचं मत

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी ही अमेरिकेतली प्रचंड मोठी सरकारी युनिव्हर्सिटी. तिच्यातलं बॅरेट ऑनर्स कॉलेज 1988 पासून चालू आहे. डिग्री तुमच्या मूळ विभागाचीच मिळते, ऑनर्सचं, म्हणजे जास्त खोलीच्या अभ्यासाचं, काम त्यावर चढतं. पहिल्या वर्षापासून येणाऱ्याला 36 ऑनर्स क्रेडिट, किमान 3.25 जीपीए (गुणांची सरासरी) आणि शेवटी थीसिस (स्वतःचा संशोधन प्रबंध), एवढं पुरं करावं लागतं.

सगळ्यात उत्तम भाग म्हणजे ‘द ह्यूमन इव्हेंट’ हा कोर्स. छोटा वर्ग, मूळ ग्रंथांचं वाचन आणि चर्चा, असे दोन सेमिस्टर. इथे बोलण्यालाही मार्क असतात. बारावीपर्यंत नोट्स उतरवून आलेल्या आपल्याकडच्या मुलांना सुरुवातीला हेच जड जातं. वाचताना समासात दोन प्रश्न आणि पान क्रमांक लिहून ठेवावा. चर्चेत ‘या पानावरचं हे वाक्य’ असं बोट ठेवून बोललं की मुद्दा उभा राहतो. निबंधातही गोषवारा चालत नाही, स्वतःचं म्हणणं मांडून ते मजकुरातून सिद्ध करावं लागतं.

कच्चा दुवा आहे तो ऑनर्स कॉन्ट्रॅक्टचा. साध्या कोर्समध्ये प्राध्यापकांशी ठरवून जादा काम करायचं आणि त्या कोर्सचे क्रेडिट ऑनर्समध्ये धरून घ्यायचे, अशी ही सोय. ती सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच ठरवावी लागते. मोठ्या लेक्चरच्या कोर्समध्ये मुदतीच्या आदल्या दिवशी ईमेल टाकला, तर बहुधा ‘दहा पानं जास्त लिही’ एवढंच पदरात पडतं. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळी) जाऊन अर्ध्या पानाचा प्रस्ताव समोर ठेवा: प्रश्न काय, शेवटी हातात काय देणार, मधे किती वेळा भेटणार. थीसिसच्या विषयाला लागून काम घेतलं तर संदर्भवाचन तिथेच अर्धं उरकतं, आणि मार्गदर्शक कसा आहे तेही आधी कळतं.

थीसिस शेवटच्या वर्षावर ढकलू नका. मार्गदर्शक आणि थीसिस समितीचा दुसरा सदस्य तिसऱ्या वर्षातच पक्के करावेत, कारण चांगले प्राध्यापक लवकर भरतात आणि काही जण नेमके त्याच वर्षी सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) असतात. माणसांच्या मुलाखती किंवा सर्व्हे असेल तर आयआरबीची (माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तपासणी करणाऱ्या समितीची) मंजुरी लागते. त्याआधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग प्रश्नावली आणि संमतिपत्र जोडून अर्ज. दुरुस्तीसाठी तो परत आला की आणखी आठवडे जातात. मंजुरीआधी गोळा केलेली माहिती थीसिसमध्ये वापरता येत नाही, आणि वेळापत्रक बहुतेक इथेच कोलमडतं. डिफेन्स, म्हणजे समितीसमोर थीसिस मांडून प्रश्नांना उत्तरं देणं, सेमिस्टर संपण्याच्या बऱ्याच आधी येतो, म्हणून शेवटच्या सेमिस्टरला लिखाण सुरू करून भागत नाही. विषय सुचत नसेल तर युनिव्हर्सिटीच्या ‘कीप’ या ऑनलाइन संग्रहात आपल्या विभागाचे जुने थीसिस चाळा. पदवीच्या मुलाकडून किती खोलीची अपेक्षा असते, ते त्यात नेमकं दिसतं.

ऑनर्सची वेगळी फी आहे, तेव्हा स्कॉलरशिपच्या पत्रात ती धरली आहे का ते आधी पाहा. संशोधन किंवा पीएचडीकडे कल असेल त्याने जरूर घ्यावं. फक्त रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून घेणाऱ्याला थीसिसचं वर्ष फार लांब वाटेल.