जुन्या फोटोतली गाडी ओळखायचीय? मग नुसता स्कॅन घ्या, रिस्टोरेशनच्या नादी लागू नका

आधीच सांगते, स्कॅनिंगला पाचपैकी साडेचार स्टार आणि रिस्टोरेशनला एक, तोही काउंटरवरचा मुलगा बोलायला गोड होता म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण स्कॅनिंग खरंच मस्त करतात आणि रिस्टोरेशनच्या नावाखाली हल्ली सगळीकडेच हे चाललंय, एकट्या त्यांना कशाला धरायचं. पेठेतला जुना फोटो स्टुडिओ आहे, आता पासपोर्ट फोटो, मगवर फोटो छापणं, लग्नाचे अल्बम असं सगळं करतात.

काम असं होतं की थोरल्या आत्याच्या लग्नातला एक फोटो आहे, १९५६ सालचा, वरातीच्या गाडीचा. तळहातात मावेल एवढा, करवती कडांचा, गाडीच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि पुढे निम्मी आळी उभी. काका म्हणतात अँबॅसिडर, आत्या म्हणते "कसली अँबॅसिडर, डॉज होती, ह्यांच्या मालकांची!" आणि दर दिवाळीला फराळापेक्षा हा विषय जास्त वेळ चालतो. शिवाय पाठवणीच्या वेळची एक निगेटिव्ह सापडली, तिच्यात गाडीची मागची बाजू होती. म्हटलं दोन्ही मोठं करून बघूया एकदा.

प्रिंटचं काम बघून जीव गार झाला. मुलानं हातमोजे घातले, रबरी फुंकणीनं धूळ उडवली, कपड्यानं अजिबात पुसलं नाही, आणि न विचारता १२०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके, स्कॅन लावला. एवढासा फोटो ३०० ला स्कॅन केला की झूम करताना नुसते चौकोन दिसतात, त्यामुळे हे महत्त्वाचं. फाइल टिफमध्ये मागा, जेपेगमध्ये बारीक रेघा मार खातात. कृष्णधवल फोटो असला तरी कलरमध्ये स्कॅन करा म्हणाला, डाग पिवळट दिसतात आणि गाडीची रेघ कुठली नि डाग कुठला ते वेगळं कळतं. हे मला माहीत नव्हतं, एकदम पटलं.

इथवर आलबेल. मग तो म्हणाला, "ताई, एआयनं एकदम एचडी करून देऊ का, कलर पण येईल." वर साडेतीनशे रुपये. घरच्यांना दाखवायला बरं म्हणून हो म्हटलं.

जे आलं ते बघून आत्यानं आधी विचारलं की ही बाई कोण. गुळगुळीत चेहरा, सिरीयलमधल्या सुनेसारखा. ते जाऊदे. गाडी मरून रंगाची चकचकीत, पुढच्या जाळीच्या पट्ट्या सगळ्या एकमेकींत मिसळून बारीक चौकटी झालेल्या, नंबरप्लेटवर कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं. आणि खरा घोळ बॉनेटवर. मूळ फोटोला मध्ये एक उभी घडी पडलीय, कुणीतरी पाकिटात दुमडून ठेवला असणार. सॉफ्टवेअरनं ती घडी पुसली नाही, तिची बॉनेटवर छान उठावदार पन्हाळ करून टाकली, खाली सावली वर चमक अशी. आता ज्यांना गाड्यांतलं थोडंफार कळतं त्यांना माहितीय की पहिल्या अँबॅसिडरचं बॉनेट तसंच पन्हाळदार होतं. झालं, काकांनी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "बघा, मी काय सांगत होतो", आणि अकोल्यापासून न्यू जर्सीपर्यंत अंगठे आले.

मी साधा स्कॅन उघडला. झूम करून ती रेघ खाली खाली बघत गेले तर बॉनेट संपलं तरी रेघ संपेना, बंपरवरून पुढे उभ्या माणसाच्या धोतरावर आणि तिथून थेट रस्त्यावर. म्हणजे कागदाची घडी. माळांच्या मधून जे बॉनेट दिसतंय ते सपाट गोलसर आहे, कसली पन्हाळ न् काय.

मग त्याच साध्या स्कॅनमधून फक्त गाडी कापून फोनच्या फोटो सर्चला दिली तर उत्तर आलं मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे विलायती गाडी. घरात सगळे हसले, म्हणे तुझ्या आत्याला काय राणीनं गाडी पाठवली होती का. पण ते उत्तर चुकीचं नाही, अर्धं आहे. हिंदुस्तान मोटर्स कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला मॉरिस ऑक्सफर्डच नाव बदलून बनवायची. आधी हिंदुस्तान फोर्टीन, तिची पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये दांडी. मग १९५४ पासून लँडमास्टर, एकसंध काच, साधं बॉनेट, मागचं टोक गोल. आणि १९५७ च्या सुमारास अँबॅसिडर, पन्हाळीचं बॉनेट आणि मागच्या मडगार्डवर छोटे कल्ले, माशाच्या परांसारखे वर आलेले. विलायतेत ऑक्सफर्डची सिरीज टू आणि सिरीज थ्री म्हणतात त्या ह्याच शेवटच्या दोन. आमच्या फोटोत काच एकसंध. लग्न ५६ चं, तेव्हा अँबॅसिडर बाजारातच आली नव्हती, काकांचं तिथंच संपलं.

डॉजचंही बघितलं, आत्याचा मान म्हणून. प्रीमियरवाले कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडायचे, त्यातली डॉज किंग्जवे म्हणजे खरं तर प्लिमथच्या अंगाला डॉजचं तोंड, त्यामुळे ती ओळखताना भले भले फसतात. पण १९५० च्या आसपासच्या त्या गाड्यांची पुढची काच मधून जोडलेली असायची, आणि लांबी केवढी, शेजारी उभ्या माणसावरून लगेच कळलं असतं. डुक्कर फियाट, म्हणजे तेव्हाची फियाट ११००, तर नाहीच नाही, तिची पुढची दारं उलटी उघडायची आणि आमच्या फोटोत ड्रायव्हरचं दार उघडं आहे, बिजागरी पुढे.

राहिली मागची बाजू. निगेटिव्हचा स्कॅन बघितला तर स्टिअरिंग डावीकडे! क्षणभर वाटलं ही गाडी खरंच बाहेरून आली की काय. मग आत्याचा पदर बघितला, उजव्या खांद्यावर. शेजारच्या मामांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे. सगळ्या वऱ्हाडानं एकदम उलटे कपडे घातले नसणार, दुकानानं निगेटिव्हच उलटी ठेवली होती. ह्याचा अर्धा स्टार कापला. आरसा मारून सरळ केल्यावर मडगार्ड साफ गोल, कल्ले नाहीत. लँडमास्टर.

नंबरप्लेटचं पहिलं अक्षर बी लागतं, पुढचं माळेखाली. त्याचा अर्थ फार तर एवढाच की गाडी बहुधा १९६० च्या आधी, मुंबई राज्य असताना रजिस्टर झाली. एमएच आणि आरटीओचा आकडा हे तर १९८९ नंतरचं. प्लेटवरून फोटोचं साल काढू नका, गाडी जुनी आणि फोटो नवा असं सर्रास असतं.

काका अजून म्हणतायत की लँडमास्टर म्हणजे अँबॅसिडरच की. आत्या बोलत नाहीये.

तर जायचं असेल तर जा, पण काउंटरवर स्पष्ट सांगा, नुसता स्कॅन, काही सुधारायचं नाही, डाग पण ठेवा. निगेटिव्ह असेल तर घरी नेण्याआधी तिथंच स्क्रीनवर खिसे आणि पदर बघून घ्या, उलटं असेल तर लगेच परत करून देतात, कुरकुर न करता. फोटोची मागची बाजूपण स्कॅन करायला सांगा, स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी असतं, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दुपारी एक ते चार बंद.